देवबागची डॉल्फिन फेरी आणि मालवणचे स्नॉर्कलिंग : सहकुटुंब घेतलेला अनुभव

मालवण तालुक्यातील देवबाग येथून सकाळी डॉल्फिन पाहण्यासाठी समुद्रात जायचे आणि दुपार होण्याच्या आत मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या पाण्यात स्नॉर्कलिंग करायचे, अशी जोडसफर आम्ही या वर्षी जानेवारीत केली. आम्ही पाच जण होतो : मी, माझे यजमान, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. दोन्ही भागांचे पैसे आम्ही एकाच ठिकाणी भरले असले, तरी प्रत्यक्षात सेवा दोन वेगळ्या माणसांकडून मिळाली, आणि त्या दोन सेवांच्या दर्जात इतके अंतर होते की दोहोंना मिळून एकच अभिप्राय देणे पहिल्या माणसावर अन्यायाचे होईल. म्हणून दोन्ही भागांविषयी स्वतंत्रपणे लिहीत आहे.

निघण्यापूर्वी मी चार ठिकाणी दूरध्वनी केले होते. तिघांनी डॉल्फिन शंभर टक्के दिसतील असे सांगितले आणि त्यांपैकी एकाने न दिसल्यास पैसे परत करण्याचीही हमी दिली. चौथे गृहस्थ स्वतः मच्छीमार, पावसाळा संपल्यावर पर्यटकांना होडीतून नेणारे. त्यांनी मात्र सरळ सांगितले, "दिसले तर दिसतले. समुद्रातला जनावर ता, बांधून ठेवलेला नाय." सासूबाईंचे माहेर वेंगुर्ल्याचे आहे, त्यांनी हे वाक्य ऐकले आणि याच माणसाकडे जायचे असे ठरवून टाकले. त्यांचा निर्णय किती योग्य होता, हे मला पाण्यात गेल्यावर कळले. पैसे परत करण्याची हमी ऐकणाऱ्याला आकर्षक वाटते, परंतु ज्याने ती दिली आहे त्याला डॉल्फिन दाखवणे भागच असते, आणि मग ते दिसेपर्यंत त्यांच्यामागे होडी पिटाळण्यावाचून त्याच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही.

पूर्ण होडीचे भाडे २,५०० रुपये आणि स्नॉर्कलिंगचे माणशी ५०० रुपये ठरले. सासूबाई पाण्यात उतरणार नव्हत्या, त्यामुळे एकूण खर्च ४,५०० रुपये झाला. पैकी १,००० रुपये आगाऊ घेतले होते.

आम्ही सकाळी नऊच्या सुमारास जावे असे सुचवले होते, पण तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या त्या मच्छीमार गृहस्थांनी, ते मान्य केले नाही. त्या दिवशी एकादशी होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्याप्रमाणे अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सात वाजता निघायचे आणि सुकती, म्हणजे ओहोटी, फार लागण्याच्या आत खाडीत परत यायचे, असे त्यांनी सांगितले. एकादशीचा उपवास धरलेल्या सासूबाईंना हा हिशेब फार आवडला. त्याचा पहिला फायदाही त्यांनाच झाला. भरतीच्या पाण्यामुळे होडी धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला आली होती आणि गुडघे दुखत असूनही त्या कोणाच्या आधाराशिवाय, फक्त तांडेलांचा हात धरून, होडीत चढल्या. ओहोटीच्या वेळी तेथे चिखलातून आणि गुडघाभर पाण्यातून चालत जावे लागते, हे आम्ही आदल्या दुपारी पाहिले होते. घरात वयस्कर माणसे असणाऱ्यांनी फेरीची वेळ ठरवताना भरतीची चौकशी अवश्य करावी.

होडी फायबरची होती, बारा-तेरा माणसे बसतील एवढी, वर ताडपत्रीचे छत आणि मागे बाहेरून लावलेले मशीन. बसायला लाकडी फळ्या होत्या, गाद्या नव्हत्या. निघण्यापूर्वी तांडेलांनी प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिले आणि स्वतः एकेकाचे पट्टे ओढून पाहिले. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून घेण्याचा पट्टा होता, तो त्यांनी आठवणीने बांधला. हा पट्टा सैल राहिला तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. मे २०२२ मध्ये याच तारकर्ली परिसरात स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. तो प्रसंग माझ्या मनात घर करून असल्यामुळे मी या बाबतीत काहीशी कठोर आहे, आणि या कठोर कसोटीलाही देवबागची ही होडी पूर्णपणे उतरली.

देवबाग ही कर्ली नदीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधील जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. त्यामुळे सूर्य खाडीच्या बाजूने उगवतो, समुद्राच्या बाजूला मावळतो आणि दोन्ही एकाच गावातून दिसतात. खाडीतून होडी दक्षिणेकडे, संगमाच्या दिशेने निघाली. जेथे नदी समुद्राला मिळते तेथे वाळूचे दांडे आहेत आणि त्यांच्यावर लाटा फुटतात. तांडेलांनी तेथे मशीन मंद करून चार-पाच लाटा जाऊ दिल्या, दोन लाटांच्या मधली शांत वेळ हेरली आणि होडी बाहेर काढली. मुलगा या वेळी घाबरून आजीला बिलगला होता. समुद्राचे पाणी होडीत आले, आमचे कपडे थोडे भिजले, पण काळजी वाटावी असे काही घडले नाही. फोन आणि कॅमेरा मात्र या टप्प्यावर पिशवीत बंद असलेलाच बरा.

बाहेर आल्यावर डाव्या हाताला भोगव्याचा किनारा आणि डोंगर, त्यापुढे निवतीचा किल्ला आणि दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सच्या खडकांवरचे दीपगृह धूसर दिसत होते. जवळपास वीस मिनिटे काहीच दिसले नाही. त्या वेळात तांडेलांनी होडी इकडेतिकडे फिरवली नाही. एका जागी मंद गतीने ठेवून ते पक्ष्यांकडे आणि पाण्याच्या रंगाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मशीन पूर्णपणे बंद केले आणि म्हणाले, "कोणी उभ्या रवू नकात, आवाज करू नकात. ते आपसूकच वर येतले."

मशीन बंद झाल्यावर जी शांतता आली, ती या सफरीतील सर्वांत मोलाची गोष्ट होती. होडीच्या कडेला पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता आणि त्याखेरीज काहीही ऐकू येत नव्हते. पहिला डॉल्फिन आम्हाला दिसण्याआधी ऐकू आला. जोरात सोडलेल्या श्वासासारखा एक फुत्कार उजव्या बाजूने आला आणि सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा राखाडी पाठीचा एक गोलावा पाण्यात शिरताना दिसला. त्यानंतर एका पाठोपाठ तीन, आणि थोड्या वेळाने त्यांच्या पलीकडे आणखी दोन. त्या दोघांतील एक लहान होता आणि मोठ्याच्या अगदी अंगाला चिकटून, त्याच्याबरोबरच वर येत होता. सासूबाई हलकेच म्हणाल्या, "पोर आसा गे तिचा." तांडेलांनी मान हलवली आणि होडी त्यांच्याकडे जराही वळवली नाही.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ प्रामुख्याने दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर मध्यभागी एक लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर, अशी त्यांची ओळख सांगता येते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि नद्यांच्या मुखाशी त्यांचे वास्तव्य असते, आणि यामुळेच मासेमारीची जाळी, होड्यांची वर्दळ आणि नद्यांतून येणारे प्रदूषण यांचा त्रास त्यांना सर्वाधिक होतो. जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त मानली गेली आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, तिला संरक्षण आहे. आपण सहज बोलताना 'डॉल्फिन मासा' म्हणतो, परंतु तो सस्तन प्राणी आहे, त्याला श्वासासाठी वर यावेच लागते, आणि पाण्याखाली तो आवाजाच्या आधाराने वाट आणि भक्ष्य शोधतो. मशीनचा गोंगाट म्हणजे त्याच्या दृष्टीने डोळ्यांपुढे उठवलेला धुरळाच आहे. चित्रांत पाहिलेल्या उंच उड्यांची अपेक्षा ठेवून गेलेल्यांची येथे निराशा होण्याचा संभव आहे, कारण ही जात होडीपुढे खेळणारी नाही, बुजरी आहे. आमच्या मुलीने मात्र उड्यांची वाट पाहणे लवकरच सोडून दिले आणि दोन श्वासांमध्ये किती वेळ जातो हे ती मनातल्या मनात मोजू लागली.

हे दहा-बारा मिनिटे चालले असेल, तोच दुसऱ्या दोन होड्या भरधाव आल्या आणि डॉल्फिन जेथे दिसले होते नेमक्या त्याच जागेवरून पुढे गेल्या. होडीतील माणसे ओरडत होती, काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाठी दिसेनाशा झाल्या. त्या पुन्हा वर आल्या तेव्हा बऱ्याच दूर, भोगव्याच्या बाजूला होत्या, आणि लहान पिल्लू असलेली जोडी आम्हाला परत दिसली नाही. त्या होड्यांनी पुन्हा दिशा बदलून पाठलाग सुरू केला. आमचे तांडेल बसल्या जागी राहिले. मुलाने आपणही जाऊया असा हट्ट धरला तेव्हा ते त्याला समजावत म्हणाले की, ते आता जेवायला आलेले आहेत, जेवणाऱ्याच्या ताटाभोवती धावू नये. माझ्या दृष्टीने या माणसाची सेवा इथेच इतरांहून वेगळी ठरते. त्यांनी डॉल्फिनना आडवे जाणे टाळले, पन्नासएक मीटरचे अंतर राखले आणि आमच्याकडून हट्ट होऊनही ते मोडले नाही.

या भागात उणिवा अगदीच नव्हत्या असे नाही. अडीच तासांच्या फेरीत स्वच्छतागृहाची सोय नाही, आणि ही गोष्ट आधी सांगितली जात नाही. लहान मुले आणि मधुमेह असलेले ज्येष्ठ यांच्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे लागते. ज्याला माहिती हवी असेल त्याने विचारावे लागते. विचारले की तांडेल भरभरून सांगतात, पण आपणहून बोलत नाहीत. डॉल्फिनच्या जातीचे नाव आणि चित्र असलेले एक साधे पत्रक जरी होडीत ठेवले, तरी मुलांना त्याचा फार उपयोग होईल. साडेनऊला आम्ही परत आलो. तांडेलांच्या घरच्यांनी आमच्यासाठी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी आणि सासूबाईंसाठी न सांगता उकडलेली कणगी (उपवासाला चालणारे कंद) केली होती. न्याहारीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या भागासाठी आम्ही आमच्या गाडीने दांडी किनाऱ्यावर गेलो. तेथील मंडळी तांडेलांच्या ओळखीची, पण व्यवस्था पूर्णपणे वेगळी होती. साडेदहाची वेळ दिली होती आणि होडी प्रत्यक्षात पावणेबाराला निघाली. हा उशीर केवळ गैरसोयीचा नव्हता. भरतीच्या सुमारास बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि सुकतीबरोबर किनाऱ्यावरचा गाळ बाहेर ओढला जातो, त्यामुळे तेवढ्या सव्वा तासात पाण्यातील दृश्यमानता स्पष्टपणे कमी झाली असावी. आम्हाला तीन मीटरच्या पलीकडचे काही दिसत नव्हते. थांबलेल्या वेळात आम्हाला स्कुबा डायव्हिंग घेण्याचा आग्रह वारंवार झाला, आणि तो ७ वर्षांच्या मुलासाठीही झाला. सामान्यतः १० वर्षांखालील मुलांना खुल्या समुद्रात स्कुबा डायव्हिंगला नेत नाहीत, हे मी सांगितल्यावर "आम्ही नेतो, काही होत नाही" असे उत्तर मिळाले. या उत्तरानंतर खरे तर मी तेथून निघून जायला हवे होते. ज्यांना डायव्हिंग नीट शिकायचे आहे, त्यांनी तारकर्लीतील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी.

स्नॉर्कलिंगमध्ये खोल जावे लागत नाही. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क आणि तोंडात धरायची श्वासनळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगायचे, एवढेच करायचे असते. पोहता येत नसले तरी जॅकेट आणि हवेच्या ट्यूबच्या आधाराने ते करता येते. मास्कच्या काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि आहेत त्यापेक्षा जवळ भासतात, त्यामुळे पहिल्यांदा मासे दिसले की हात आपोआप पुढे जातो. मास्कच्या रबराखाली केस किंवा मिशी आली की पाणी आत झिरपते. यजमानांना मिशांमुळे दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करावा लागला. लहान चेहऱ्यांच्या मापाचे मास्क तेथे नव्हते, म्हणून मुलाने पाच मिनिटांतच कंटाळून होडीत परत येणे पसंत केले. सर्वांत गंभीर तक्रार स्वच्छतेची आहे. आमच्या आधीच्या कुटुंबाने तोंडात धरलेल्या नळ्या समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून लगेच आम्हाला देण्यात आल्या. जंतुनाशक तर सोडाच, गोड्या पाण्याचाही वापर नव्हता. मी पिशवीतील पिण्याच्या पाण्याने चारही नळ्या धुऊन घेतल्या. शक्य असेल त्यांनी स्वतःची श्वासनळी सोबत न्यावी.

तरीही मुलगी जे पाहून आली, ते मी तिच्यापासून हिरावून घेणार नाही. किल्ल्याच्या तटाबाहेरच्या खडकांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, तपकिरी शेवाळाची झुलणारी पाने आणि त्यांच्यामध्ये गोल, उंचवट्यांसारखे प्रवाळ तिने पाहिले. डोके वर काढले की समोर महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा तट, आणि खाली घातले की हे सगळे. तिला पाण्यातून बाहेर काढताना आम्हाला तीनदा हाक मारावी लागली.

नेमक्या याच ठिकाणी मार्गदर्शकांचे वागणे पाहून मला मनापासून वाईट वाटले. नांगर थेट खडकांवर टाकला गेला. मासे जमावेत म्हणून बिस्किटांचा चुरा पाण्यात सोडण्यात आला आणि दहा-बारा मासे पर्यटकांच्या मास्कभोवती गोळा झाले की त्याचे चित्रीकरण करण्यात आले. दमलेल्या पर्यटकांना "खाली दगड आहे, उभे राहा" असे सांगण्यात येत होते, आणि ज्याला ते दगड म्हणत होते त्यांतील काही जिवंत प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर राहणाऱ्या अत्यंत लहान प्राण्यांची वसाहत. गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात, आणि त्यांच्यावर एक पाय घासला गेला तरी वरचा जिवंत थर खरवडून निघतो. हा परिसर १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. आपण अभयारण्यात पाऊल ठेवत आहोत, हे आमच्यापैकी कोणालाही होडीवर एका शब्दाने सांगितले गेले नाही. ताडोबात गाडीतून खाली उतरायचे नसते हे आपल्याला प्रवेशद्वारापाशीच सांगतात. इथे मात्र अभयारण्यातील जिवांवर उभे राहायला सांगितले जात होते. मी मार्गदर्शकाला बिस्किटे टाकू नका अशी विनंती केली. तो मुलगा विशीतला असावा, त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, नाय टाकलं तर लोक म्हणतात मासे दिसले नाहीत." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. सकाळी ज्या हमीमुळे होड्या डॉल्फिनच्या मागे धावत होत्या, तीच हमी येथे बिस्किटांच्या रूपाने पाण्यात पडत होती.

किनाऱ्यावर परतल्यावर कपडे बदलण्यासाठी पत्र्याची खोली आहे, गोड्या पाण्याच्या आंघोळीचे माणशी ३० रुपये वेगळे पडतात, आणि पाण्याखालच्या चित्रीकरणाची फीत फोनवर घेण्यासाठी अर्धा तास लागतो. लहान मुलांना भूक लागण्याची ही वेळ असते, हे ध्यानात ठेवावे.

पुण्याला परतल्यावर मी तांडेलांना दूरध्वनी करून दोन्ही गोष्टी सांगितल्या : त्यांच्या होडीत आम्हाला मिळालेले समाधान आणि दांडीवरचा अनुभव. नळ्यांची गोष्ट ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि आपण त्या मंडळींशी बोलू, असे म्हणाले. मी त्यांना एवढेच सुचवले की जोडसफर विकायची असेल तर दुसऱ्या भागाची जबाबदारीही त्यांच्याच नावावर येते, आणि ती घ्यायची नसेल तर फक्त डॉल्फिनची फेरी द्यावी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, भरतीची वेळ साधून, केवळ सकाळच्या फेरीसाठी त्यांच्याकडे जरूर जावे. दांडीवर पैसे देण्याआधी मात्र मास्कची मापे पाहावीत, नळ्या कशाने धुतात ते विचारावे, आणि बिस्किटे टाकणार नाही व प्रवाळावर उभे राहायला सांगणार नाही, हे आधी कबूल करून घ्यावे. सासूबाईंनी पुढच्या फेरीसाठी पंचांग काढून फेब्रुवारीतली एकादशी पाहून ठेवली आहे.